कलादालनाच्या भांडारातली सरमिसळ: ओळख, नोंद आणि निगा

सार्वजनिक कलादालनाचा संग्रह क्वचितच आखून घडतो. कुणाच्या मृत्युपत्राने चाळीस जलरंग येतात, प्रदर्शनांतून वेळोवेळी घेतलेली तैलचित्रं असतात, कुठल्या तरी दिवाणखान्यातून हललेला कांस्याचा अर्धपुतळा असतो, दोन कपाटं छापचित्रं, खोकीभर फोटो, गुंडाळून ठेवलेलं भिंतवस्त्र आणि अलीकडे हार्ड डिस्कवर आलेली एखादी व्हिडिओकृती. नोंदवही या सगळ्यांना एकाच मापाने मोजते: कलाकार, शीर्षक, वर्ष. ती माहिती हवीच. पण वस्तू बिघडते ती कलाकारामुळे नाही, ज्या द्रव्याची ती बनलेली आहे त्यामुळे. एकाच चित्रकाराचं तैलचित्र आणि जलरंग एकाच खिडकीसमोर टांगले, तर काही वर्षांत एक जसंच्या तसं राहील आणि दुसऱ्याचा गुलाबी रंग उडालेला असेल. म्हणून काम उलट्या क्रमाने धरावं. वस्तू कशाची आहे ते आधी, कुणाची आहे ते नंतर.

टेबल मांडताना

वस्तूपेक्षा सगळीकडून किमान वीतभर मोठं टेबल, त्यावर पॉलिएथिलीन फोमचा थर आणि वर स्वच्छ धुतलेलं, नीळ न घातलेलं सुती कापड. हाताशी १० पट मोठं दाखवणारं भिंग, अरुंद झोताची विजेरी, कापडी मोजपट्टी (धातूची टेप आत जाताना सटकते आणि ओरखडा पाडते), मऊ रुंद ब्रश, रंगपट्टी आणि २बी पेन्सिल. शाईचं पेन या टेबलावर येऊच द्यायचं नाही, पाहुण्या अभ्यासकाचंही नाही. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र आधी काढून ठेवावं. लोंबणारं ओळखपत्र चित्रावर घासतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

हातमोज्यांबद्दल बराच गैरसमज आहे. पांढरे सुती मोजे फोटोत छान दिसतात, पण चिनी मातीच्या भांड्यावरून ते घसरतात, सोनेरी वर्खाच्या फ्रेमचे सुटलेले पोपडे त्यांच्या धाग्यांत अडकून निघतात आणि कागदाची कड बोटांना जाणवेनाशी होते. धातू आणि फोटो हाताळताना नायट्राइलचे मोजे घालावेत, कारण बोटांच्या घामातलं मीठ पितळेवर महिन्याभरात ठसा उमटवतं. कागद आणि झिलईची भांडी यांना साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात उत्तम. हात धुतल्यावर क्रीम मात्र लावू नये.

क्रमांक, आणि तो लिहिण्याची जागा

सोपी आणि टिकाऊ पद्धत तीन टप्प्यांची आहे: संग्रहात आल्याचं वर्ष, त्या वर्षातल्या प्राप्तीचा अनुक्रम आणि त्या प्राप्तीतली वस्तू. १९८७.१४.३ म्हणजे १९८७ साली आलेल्या चौदाव्या प्राप्तीतली तिसरी वस्तू. झाकण आणि भांडं किंवा दोन फळ्यांचं जोडचित्र असेल तर शेवटी अ, ब लावायचं. क्रमांकात माध्यम किंवा कलाकाराची आद्याक्षरं कोंबू नयेत. उद्या ‘तैल’ समजलेलं चित्र अॅक्रिलिक निघालं किंवा कलाकाराचं नाव बदललं की क्रमांकच खोटा ठरतो. एकदा दिलेला क्रमांक वस्तू हरवली, परत केली किंवा नष्ट झाली तरी दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही.

क्रमांक कुठे आणि कशाने लिहायचा हेही द्रव्यच ठरवतं. कागदावर मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने हलक्या हाताने. कठीण पेन्सिल कागदात खाच पाडते आणि ती समोरून दिसते. कॅनव्हासच्या मागे कधीच लिहू नये. ज्या आतल्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणलेला असतो त्या ताणपट्टीवर लिहावं आणि फ्रेमवर वेगळं, कारण फ्रेम आणि चित्र कधी ना कधी वेगळी होतातच. कापडावर लिहायचं नसतं. धुतलेल्या सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन-चार सैल टाक्यांनी कोपऱ्यात टाचावी. धातू, दगड आणि झिलईची माती यांच्या तळाशी अॅसिटोनमध्ये सुमारे २०% विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अॅक्रिलिक राळेचा बोटाच्या नखाएवढा पातळ थर द्यावा. तो वाळल्यावर त्यावर रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक आणि वर दुसरा थर. पुढे कधी काढायचा झाला तर अॅसिटोनने तो निघून येतो. प्लॅस्टिक, लाखकाम आणि रंगवलेल्या पृष्ठभागावर ही युक्ती वापरू नये, तिथे अॅसिटोन खालचा थरच खातो. अशा वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी पुरे. चिकट लेबल, सेलोटेप आणि खोडशाई यांना भांडारात जागाच नाही.

चित्र आधी मागून पाहा

पुढची बाजू सगळेच पाहतात. मागच्या बाजूवर चित्राचं चरित्र असतं: प्रदर्शनांची लेबलं, रंगसामान विकणाऱ्याचा शिक्का, खडूने लिहिलेले लिलावाचे आकडे, पूर्वीच्या मालकाची चिठ्ठी, कापडावरची ठिगळं. यातलं काहीही काढू नये. आधी संपूर्ण मागच्या बाजूचा फोटो, मग प्रत्येक लेबलाचा जवळून, आणि त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, नोंदीत उतरवावा.

मात्र लेबल म्हणजे पुरावा असं मानून चालत नाही. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकी या नकलाकाराने बनावट चित्रांच्या पाठीवर, फ्लेख्टहाइम या जुन्या कलाविक्रेत्याच्या नावाने, ‘फ्लेख्टहाइम संग्रह’ अशी बनावट लेबलं चिकटवली होती. त्याला २०११ मध्ये शिक्षा झाली. कोंडी फुटली ती रंगामुळे: १९१४ सालचं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट हे पांढरं रंगद्रव्य सापडलं, जे चित्रकारांच्या रंगपेटीत १९२० च्या सुमारास आलं. दालनाकडे प्रयोगशाळा नसते, पण तारखेचं कुंपण घालायला काही गोष्टी डोक्यात असाव्यात. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग कलाकारांना १९५० च्या दशकाच्या मध्यावर मिळू लागले. लिथोग्राफीचा, म्हणजे सपाट दगडावरून छापण्याच्या पद्धतीचा, शोध १७९६ चा, म्हणजे त्याआधीची तारीख लिहिलेला लिथोग्राफ एक तर पुढे केलेली प्रतिकृती आहे किंवा तारीख चुकीची आहे.

मागून पाहतानाच ताणपट्टीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी मोजाव्यात. नेहमीच्या ताणपट्टीला कोपऱ्यागणिक दोन, अशा आठ असतात. एखादी कमी असेल तर ती बहुतेक वेळा खाली घसरून कॅनव्हास आणि खालच्या पट्टीच्या फटीत अडकलेली असते, आणि समोरून तिथे अंगठ्याएवढा फुगवटा दिसतो. काही वर्षांत त्या फुगवट्याभोवती रंगाला भेगा पडतात. पाचर बोटाने ओढू नये. चित्र फोमवर कलतं करून, पट्टी आणि कापड यांच्यामध्ये पातळ कार्ड सरकवून ती हळूच बाहेर ढकलावी. कॅनव्हास सैल दिसला म्हणून पाचरी हातोडीने ठोकून ताणणं हा उत्साही कर्मचाऱ्याचा ठरलेला अपघात आहे. जुनं कापड कडेच्या खिळ्यांपाशी फाटतं. चित्रामागे पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा पाठफलक स्क्रूने बसवणं हा मात्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय. धूळ, धक्का, हवेतला चढउतार आणि पडणाऱ्या पाचरी, सगळ्यांपासून तो वाचवतो.

पुढच्या बाजूला विजेरी जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, १० ते २० अंशांच्या कोनातून धरावी. सपाट दिसणाऱ्या रंगात कपासारख्या वळलेल्या कडा, उचललेले पोपडे, जुन्या भेगा लगेच उठून दिसतात. रंग सुटत असेल तर चित्र उभं ठेवू नये, आडवं, रंगाची बाजू वर. खाली पडलेला कणही फेकायचा नाही. छोट्या डबीत क्रमांकासह ठेवावा, संवर्धकाला तो परत बसवता येतो. अतिनील विजेरी असेल तर अंधार करून तीही फिरवावी: नैसर्गिक राळेचं जुनं वार्निश हिरवट चमकतं, आणि नंतर केलेली रंगदुरुस्ती त्यावर काळ्या डागांसारखी दिसते.

तैल आणि अॅक्रिलिक यांचे स्वभाव उलटे आहेत. तैलरंग वर्षानुवर्षं कडक होत जातो आणि ठिसूळ होतो. अॅक्रिलिक खोलीच्या उष्णतेतही किंचित मऊच राहतो, धूळ धरून ठेवतो, आणि कडक थंडीत एकदम ठिसूळ होतो. त्यामुळे अॅक्रिलिकच्या पृष्ठभागाला बबल रॅप लागला तर एका प्रवासात गोल गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. बबल रॅप वापरायचाच तर बुडबुडे बाहेरच्या बाजूला, आणि चित्राला काही टेकणार नाही अशी चौकट आत हवी.

आणि साफसफाई? ओला कपडा, पाव, बटाटा, थुंकी, यांतलं काहीही नाही. थुंकीचा वापर संवर्धक खरोखरच करतात, तिच्यातल्या विकरांमुळे मळ सुटतो. पण कुठे थांबायचं हे त्यांना कळतं. दालनाच्या कर्मचाऱ्याने करायचं ते इतकंच: रंग पक्का असल्याची खात्री झाल्यावर मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ ओढायची आणि खाली धरलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडात ती जाऊ द्यायची. फडकं धूळ पुसत नाही, ती घासते.

छापचित्र की छापील चित्र

छापचित्र म्हणजे कलाकाराने घडवलेल्या पत्र्यावरून, ठोकळ्यावरून, दगडावरून किंवा जाळीतून काढलेला छाप; छापील चित्र म्हणजे यंत्रावर छापलेली प्रतिकृती. सर्वांत जास्त चुकीच्या नोंदी याच कपाटात सापडतात. पोस्टर ‘लिथोग्राफ’ म्हणून आणि खरा लिथोग्राफ ‘प्रिंट’ म्हणून नोंदलेला असतो. भिंग घेऊन बसलं की पाच-सात मिनिटांत उत्तर मिळतं.

आधी ठिपके पाहा. फुलासारखी नियमित ठिपक्यांची रचना दिसली तर ते ऑफसेटवर छापलेलं आहे, सही असली तरी. विखुरलेले, फवारल्यासारखे बारीक रंगकण म्हणजे इंकजेट. हे दोन्ही नसेल तर पुढे जायचं.

एचिंग, एन्ग्रेव्हिंग यांत शाई धातूच्या पत्र्यात कोरलेल्या खाचेतून कागदावर येते, म्हणून तिरप्या प्रकाशात रेषा कागदापासून किंचित उठलेली दिसते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन असतो. या चौकोनावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. छापील प्रतिकृतीवर तो मुद्दाम दाबता येतो, आणि खऱ्या छापाचे समास कुणी कापले असतील तर तो नाहीसाही होतो. वुडकट आणि लिनोकटमध्ये उलट: उंचवट्यावरची शाई दाबली जाते, म्हणून रेषेच्या कडेला शाईची गडद किनार जमते आणि कागदाच्या मागे रेषेचा उठाव जाणवतो. लिथोग्राफ सपाट असतो. ना उठाव, ना खाच. भिंगाखाली खडूसारखा अनियमित कण दिसतो. स्क्रीन प्रिंटची शाई जाड, एकसारखी आणि कागदावर बसलेली असते, कडेला कधीकधी जाळीचे बारीक दाते दिसतात.

खाली पेन्सिलीने १२/५० असं लिहिलेलं असेल तर पन्नास प्रतींच्या आवृत्तीतली ही बारावी. छापण्याच्या क्रमातली बारावी असेलच असं नाही. हा क्रमांक घालण्याची चाल विसाव्या शतकात रुळली, तेव्हा दोनशे वर्षं जुन्या म्हणवणाऱ्या छापावर असा अपूर्णांक दिसला तर थांबून चौकशी करावी. मापं तीन घ्यायची: प्रतिमेचं, पत्र्याच्या खुणेचं, पूर्ण कागदाचं. उंची आधी, रुंदी नंतर, मिलिमीटरपर्यंत. फ्रेममध्ये असताना घेतलेलं माप ‘दिसणारं माप’ म्हणूनच लिहावं, नाहीतर फ्रेम काढल्यावर कागद ‘वाढलेला’ आढळतो.

कागद कशाने मरतो

बहुतेक वेळा शेजाऱ्याने. चित्र चांगल्या चिंध्यांच्या कागदावर असतं, पण त्याच्याभोवतीचा माउंट, म्हणजे चित्र दिसावं म्हणून मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, स्वस्त लाकडी लगद्याचा. त्यातलं आम्ल सरकत येतं आणि खिडकीच्या कापलेल्या कडेला लागून तपकिरी रेघ उमटते. मागचा पुठ्ठा किंवा लाकडी फळी असेल तर तिच्या गाठी, फटीसुद्धा चित्रावर उतरतात. नव्याने माउंट करताना आम्लरहित, लिग्निनरहित (लिग्निन म्हणजे कागद पिवळा पाडणारं लाकडातलं द्रव्य) बोर्ड घ्यावा. क्षारयुक्त म्हणजे बफर केलेला बोर्ड साध्या कागदाला चांगला, पण सायनोटाइपला (निळे फोटो, जुन्या ब्लूप्रिंट) घातक, क्षाराने त्यांचा निळा फिका पडतो. रेशीम आणि लोकर यांनाही बफर नसलेलाच कागद.

चित्र बोर्डाला वरच्या कडेला फक्त दोन बिजागऱ्यांनी लटकवायचं. जपानी कागदाचे तुकडे आणि गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ. बिजागरीचा कागद चित्राच्या कागदापेक्षा हलका हवा, म्हणजे धक्का बसला तर बिजागरी फाटते, चित्र नाही. चारी कडा चिकटवल्या तर दमट दिवसांत कागद फुगतो, त्याला सरकायला जागा नसते आणि मधोमध लाटा येतात. काच आणि चित्र यांत अंतर हवं. चित्र काचेला टेकलं तर दमटपणात चिकटतं.

पेस्टल आणि कोळशाची चित्रं वेगळी धरावीत. त्यांची भुकटी कागदावर केवळ टेकलेली असते. साध्या अॅक्रिलिक शीटची स्थिर वीज ती खेचून घेते, म्हणून त्यांना काचच, नाहीतर स्थिरवीजरोधक शीट. ती उभी वाहून नेऊ नयेत, ड्रॉवर झटक्याने बंद करू नये, आणि त्यांच्यावर टिश्यूही टेकवू नये.

सपाट कागदांसाठी उथळ ड्रॉवर, एका फोल्डरमध्ये एक चित्र, आणि फोल्डर ड्रॉवरच्या मापाचा. लहान फोल्डर मागे सरकून चुरगळतो. एका ड्रॉवरमध्ये दहा-बारा फोल्डरांवर जाऊ नये, नाहीतर तळाचं काढताना वरची सगळी वाकतात. पिंगट ठिपके, ज्यांना फॉक्सिंग म्हणतात, दिसले तर ब्लीच करायला कुणाला सांगू नये. आर्द्रता तपासावी.

फोटो

१८५० पासूनचे अल्ब्युमिन छाप पातळ असतात, म्हणून जवळजवळ नेहमी पुठ्ठ्यावर चिकटवलेले. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात आणि पांढरे भाग पिवळटलेले असतात. जिलेटिन-सिल्व्हर छापात तंतू सहसा दिसत नाहीत, कारण मध्ये बॅरिटाचा पांढरा थर असतो. कडेच्या गडद भागांत आरशासारखी निळसर चकाकी आली असेल तर चांदी पृष्ठभागावर आली आहे. ती पुसू नये. १९७० नंतरचे रासायनिक रंगीत छाप अंधारातही फिके होतात. त्यांना थंडीच वाचवते, म्हणून जागा असेल तर ते शीतकपाटात आणि प्रदर्शनासाठी वेगळी प्रत. फोटोंच्या पाकिटांसाठी फोटो-सक्रियता चाचणी (पाकिटाचा कागद फोटोला बिघडवतो का हे पाहणारी) उत्तीर्ण झालेला कागद किंवा पॉलिएस्टर. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटतं.

निगेटिव्हच्या खोक्यातून व्हिनेगरचा वास आला तर अॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे आणि शेजारच्या फिल्मलाही ती लागते. खोकं त्याच दिवशी वेगळं करावं. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते. ती ओळखली गेली की भांडारात ठेवायचीच नाही, अग्निशमन दलाच्या सल्ल्याने तिची सोय लावायची.

धातू, माती, दगड

कांस्यावर हिरवा रंग दिसला की घाबरायचं कारण नाही, गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर हा त्याचा मुलामाच आहे. काळजी करायची ती फिकट हिरव्या, भुकटीसारख्या डागांची. धातूत अडकलेलं क्लोराइड दमटपणात पुन्हापुन्हा गंज तयार करतं. खात्री करायची तर ती भुकटी ब्रशने काढून पुतळा काळ्या कागदावर ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांनी पाहावं. कागदावर पुन्हा हिरवी पूड पडली असेल तर तो पुतळा बंद पेटीत सिलिका जेलसह, ४०% पेक्षा कमी आर्द्रतेत, आणि संवर्धकाला निरोप. पितळेचं पॉलिश कुठल्याच पुतळ्याला लावू नये. कलाकाराने मुद्दाम आणलेली झाक ते एका दुपारी घालवतं आणि खाचांत पांढरी पूड सोडतं.

ओतीव कामांच्या तळाशी ओतशाळेचा शिक्का आणि आवृत्तीचा क्रमांक शोधावा. फ्रान्समध्ये एका मूर्तीच्या मूळ समजल्या जाणाऱ्या प्रती बारापर्यंतच: आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या. कलाकार हयात असताना ओतलेली प्रत आणि नंतरची प्रत यांत फरक असतो, म्हणून ओतण्याचं वर्ष आणि मूळ घडवल्याचं वर्ष नोंदीत दोन वेगळे रकाने हवेत.

भांडं कानाला किंवा काठाला धरून उचलायचं नाही. एक हात तळाखाली, एक अंगाला. जुनी दुरुस्ती नेमकी कानाच्या जोडापाशीच असते. कमी भाजलेल्या मातीवर पांढरे स्फटिक फुलले तर आतली क्षारं बाहेर येताहेत. ओलं पुसलं तर ती आणखी येतात. प्लास्टरचे साचे आणि पुतळे पाण्याला लावायचेच नाहीत, मळ आत शोषला जातो. दगडाला फारसं काही लागत नाही, फक्त संगमरवराजवळ आम्लाची कोणतीही साफसफाईची बाटली नको.

कापड, आणि ज्या कृती ‘वस्तू’ नसतात

मोठं कापड घडी करू नये, घडीवर धागे तुटतात. किमान १० सेंटिमीटर व्यासाची नळी घ्यावी, तिला पॉलिएस्टरची पातळ फिल्म आणि आम्लरहित टिश्यू गुंडाळावा, आणि कापड पुढची बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळावं. नळीची दोन टोकं आधारावर ठेवून कापड अधांतरी राहावं, फळीवर टेकून नाही.

व्हिडिओकृतीत हार्ड डिस्क ही कलाकृती नसते. कलाकाराकडून आलेल्या मूळ फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आल्याच दिवशी प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा) काढून नोंदवावा आणि वर्षातून एकदा पुन्हा जुळवावा. जुळला नाही तर फाइल बिघडली आहे, ती चालते आहे असं दिसलं तरी. याशिवाय कलाकाराकडून लेखी घ्यायचं: पडदा केवढा, आवाज किती, खोली अंधारी की उजेडाची, जुन्या काचनळीच्या टीव्हीऐवजी सपाट पडदा चालेल का. हे प्रश्न खरेदीच्या वेळी विचारले नाहीत तर वीस वर्षांनी उत्तर द्यायला कुणी नसतं. सूचनांवरून उभ्या राहणाऱ्या कृतींचंही तेच. सोल लेविट या अमेरिकी कलाकाराची भित्तिचित्रं त्याच्या लेखी सूचनांवरून इतरांनी काढायची असतात, आणि संग्रहाकडे खरं जे असतं ते प्रमाणपत्र आणि आकृती. भिंतीवरचं चित्र रंगवून मिटवता येतं. प्रमाणपत्र हरवलं तर मोठी पंचाईत.

प्रकाशाचा हिशोब

प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि परत फिरत नाही. म्हणून ‘किती लक्स’ (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) इतकंच विचारून भागत नाही, लक्स गुणिले तास असा हिशोब ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय शिफारशींत तीन गट आहेत: रेशीम आणि उडणारे रंग यांना वर्षाला १५,००० लक्स-तास, जलरंग, छापचित्रं, कापड यांना १,५०,०००, आणि तैलचित्रांना ६,००,०००. पहिल्या दोन गटांना दिवा ५० लक्सचा, तिसऱ्याला २०० चा.

५० लक्स, दिवसाला ८ तास म्हणजे रोज ४०० लक्स-तास. १५,००० संपायला ३७ दिवस लागतात. तेच चित्र २०० लक्सखाली टांगलं तर नऊ दिवसांत वर्षाचा वाटा संपला. तीन महिन्यांच्या प्रदर्शनात ५० लक्सवरही ३६,००० होतात, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांचा वाटा. नंतर चित्र तेवढा काळ ड्रॉवरमध्ये. जलरंगातली रंगद्रव्यं कोणती हे माहीत नसेल तर त्याला सरळ पहिल्या गटात टाकावं. फेल्ट पेनची रेखाटनं, सुरुवातीचे अॅनिलिन (कृत्रिम) रंग आणि चमकणाऱ्या शाया तर बिनविचार तिथेच. लक्समीटर चित्राच्या पृष्ठभागाला लावून धरायचा, खोलीच्या मधोमध नाही, आणि ढगाळ दुपारी घेतलेल्या मोजणीवर विसंबायचं नाही.

हेन्री वॉन या संग्राहकाने इंग्रज चित्रकार टर्नरचे जलरंग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दालनाला दिले तेव्हा अट घातली की ते फक्त जानेवारीत, म्हणजे उजेड सर्वांत मंद असताना दाखवावेत. १९०० मध्ये ते दालनाकडे आले, आणि एवढ्या वर्षांनंतरही त्यांचे रंग ताजे आहेत. उलट उदाहरण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं. चित्रकार मार्क रॉथकोची मोठी चित्रं तिथे १९६४ मध्ये भरपूर ऊन येणाऱ्या जेवणघरात लावली गेली, त्यातला लिथॉल रेड हा लाल उडत गेला आणि १९७९ मध्ये ती उतरवावी लागली. ही चित्रं कॅनव्हासवरची होती, म्हणजे कॅनव्हास आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

हवा आणि कीड

मिश्र संग्रहासाठी ४० ते ६०% सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते २५ अंश ही मर्यादा मोठ्या संग्रहालयांनीही मान्य केली आहे. त्यात २४ तासांत १०% पेक्षा जास्त चढउतार नको. पूर्वीचा ५०% वर खिळून राहण्याचा आग्रह आता बऱ्याच ठिकाणी सुटला आहे, आणि ते बरंच झालं. रात्री वातानुकूलन बंद करून सकाळी चालू करणं हे सतत ५८% असण्यापेक्षा वाईट. लाकूड आणि कॅनव्हास रोज फुगतात आणि आकसतात, त्यावरचा रंग तसा हलत नाही आणि सुटतो. ६५% च्या वर मात्र बुरशीचा धोका सुरू होतो.

रॅक जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. कोपऱ्यांत चिकट सापळे, त्यांवर तारीख, महिन्यातून एकदा तपासणी. कसर दिसली तर दमटपणा शोधा. लाकडाखाली ताजा, फिकट भुगा दिसला तर तो झाडून टाका आणि आठवड्याने पुन्हा पाहा. परत पडला तर कीड जिवंत आहे. कापड, लाकूड, कागद यांना हवाबंद पिशवीत उणे २० अंशांवर किमान एक आठवडा, मग पिशवी न उघडता २४ तास बाहेर, म्हणजे दव वस्तूवर न जमता पिशवीवर जमतं. तैलचित्रं आणि अॅक्रिलिक कधीही गोठवायची नाहीत.

पाणी शिरलं तर

बुरशी साधारण ४८ तासांत धरते, म्हणून कुठल्या क्रमाने काय उचलायचं ते आधीच कागदावर लिहून भांडाराच्या दाराबाहेर लावलेलं असावं. ओले फोटो आधी: एकमेकांवर वाळले की जिलेटिन चिकटतं आणि मग ते सुटत नाहीत. तत्काळ वेगळे करून वाळवायला जमत नसेल तर स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवावेत, दोन दिवसांच्या आत. मग कागद, तो जास्त असेल तर फोल्डरसकट गोठवून वेळ विकत घेता येतो. काचेमागचं चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नये, काच खाली करून फ्रेमसकट वाळू द्यावं. तैलचित्रं फ्रेममधून काढावीत पण ताणपट्टीवरून नाही, आणि रंगाची बाजू वर ठेवून आडवी वाळवावीत. भिजलेलं कापड स्वतःच्या वजनाने फाटतं, ते जाळीवर किंवा चादरीवर घेऊन उचलावं. धातू लगेच पुसून कोरडे. झिलईची भांडी आणि दगड सर्वांत शेवटी, त्यांना वाट पाहता येते. प्रत्येक वस्तू जिथून हलवली तिथला आणि जिथे ठेवली तिथला क्रमांक त्याच वेळी पेन्सिलीने लिहायचा. ओल्या हाताने धरलेल्या कागदावर पेनाची शाई पसरते.